अफवा की अटकळ?

मिशिगन राज्यात राहणाऱ्या एका वाचकाने तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघामागे लागलेल्या चौकशीवर मराठीत लेख लिहिला. ‘चौकशीची बातमी फुटताच चाहत्यांमध्ये अफवांना ऊत आला’ हे त्यातलं एक वाक्य. लेख तपासणाऱ्या मैत्रिणीने ‘अफवा’ खोडून ‘तर्कवितर्क’ केलं. बरोबर कोण, असा त्यांचा प्रश्न आहे. ‘साइन स्टीलिंग’ला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या खुणा मिळवण्याला, ‘खुणाचोरी’ म्हटलेलं चालेल का, हेही विचारलंय.

मैत्रिणीचा कान चांगला आहे. मी मात्र तिथे ‘अटकळी’ लिहिलं असतं.

आधी प्रकरण थोडक्यात. हा अमेरिकी फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा. २०२३ मध्ये प्रशिक्षक मैदानाच्या कडेला उभे राहून हातवाऱ्यांनी आणि चित्रांच्या फलकांनी खेळाडूंना पुढची चाल कळवत. मिशिगनचा एक कर्मचारी, कॉनर स्टॅलियन्स, पुढे ज्यांच्याशी खेळायचंय त्या संघांच्या सामन्यांना माणसं पाठवून या खुणा टिपून आणवतो, असा संशय आला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये महाविद्यालयीन खेळांची संघटना एनसीएए चौकशीला लागली. प्रतिस्पर्ध्याचे सामने असे आधी जाऊन पाहायला १९९४ पासून बंदी आहे.

आता शब्द. ‘अफवा’ अरबीतून आला. तिथे तो ‘तोंड’ या शब्दाचं अनेकवचन आहे. अफवा म्हणजे नुसती तोंडं! ती या तोंडातून त्या तोंडात जाते आणि मूळ कोणाचं ते कळत नाही. म्हणून अफवा ‘पसरते’. अटकळ मात्र ‘बांधावी’ लागते. बांधायची तर हाताशी काही सामान हवं आणि बांधणारा माणूसही हवा. आपल्या क्रियापदांनी हा भेद किती काटेकोर जपलाय बघा: तर्क लढवायचा, कंडी पिकवायची, आवई उठवायची, कुणकुण लागायची. वावडी उडवायची, कारण वावडी म्हणजे मुळात पतंग. यातली क्रियापदं अदलाबदल करून पाहा, कानाला लगेच खटकतं.

त्या चाहत्यांनी काय केलं? १ सप्टेंबर २०२३ ला मिशिगन स्टेट विरुद्ध सेंट्रल मिशिगन असा सामना झाला होता (दोन्ही त्याच राज्यातली, पण वेगळी विद्यापीठं). त्याची छायाचित्रं लोकांनी बारकाईने धुंडाळली. सेंट्रल मिशिगनच्या प्रशिक्षकांमध्ये, त्यांच्याच कपड्यांत, गॉगल लावलेला एक माणूस दिसला. चेहरा स्टॅलियन्ससारखा. आणि त्याच मिशिगन स्टेटशी मिशिगनचा सामना ऑक्टोबरमध्ये व्हायचा होता. हे दोन धागे जोडून लोक म्हणाले, ‘तो तोच असावा.’ याला अफवा म्हणणं त्या मेहनतीवर अन्याय आहे. ही बांधलेली अटकळ.

हा ‘असावा’ फार मोलाचा आहे. मराठीत माहितीचा पाया क्रियापदातूनच कळतो. मिशिगनचे तेव्हाचे प्रशिक्षक जिम हार्बॉ यांचंच उदाहरण घ्या. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं, असं त्यांनी जाहीर सांगितलं होतं. आता त्यांच्याबद्दल चार वाक्यं करू. ‘त्यांना माहीत होतं म्हणे’: ऐकीव, मी जबाबदार नाही. ‘माहीत असेल’: असू शकतं, मी खोलात गेलो नाही. ‘माहीत असावं’: काही खुणांवरून मला तसं वाटतं. ‘माहीत असणारच’: पुरावा असो वा नसो, माझी खात्री आहे. मिशिगनच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचे, ओहायो स्टेटचे, चाहते शेवटचं वाक्य बोलणार आणि मिशिगनचे पहिलं ऐकूनच चिडणार. यातलं फक्त ‘म्हणे’वालं वाक्य अफवेच्या घरातलं आहे. लेखकाने आपली चाहत्यांची वाक्यं या चारांपैकी कशात बसतात ते तपासावं, म्हणजे नाम कोणतं वापरायचं हा प्रश्न आपोआप सुटेल.

‘विजेतेपद काढून घेतील’ हे लेखातलं दुसरं वाक्य. मिशिगनने २०२३ चा तो हंगाम पंधराच्या पंधरा सामने जिंकून संपवला आणि ८ जानेवारी २०२४ ला वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ते जाणार असं म्हणणाऱ्यांपाशी दाखला होता. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचं २००४ च्या हंगामाचं विजेतेपद २०११ मध्ये रद्द झालं होतं. दाखल्यावर उभं असलेलं हे भाकीत पुढे चुकलं. एनसीएएच्या १५ ऑगस्ट २०२५ च्या निकालात जबर दंड झाला, हार्बॉ आणि स्टॅलियन्स यांच्यावर अनेक वर्षांचे निर्बंध आले, पण विजेतेपद राहिलं. भाकीत चुकलं म्हणून त्याची अफवा होत नाही. अफवेचा विषय बहुधा ‘घडलं’ म्हणून सांगितलेली गोष्ट असते, इथे बोलणं पुढच्या गोष्टीचं होतं.

जाता जाता: लेखात २०२३ मध्येच ‘मिशिगनवर ठपका’ आलाय. तेव्हा फक्त संशय होता. एनसीएएने रीतसर आरोप २०२४ च्या ऑगस्टमध्ये ठेवले, ठपका २०२५ मध्ये. चौकशी पुरी झाल्यावर ठेवतात तो ठपका.

राहिली ‘खुणाचोरी’. शब्द सुटसुटीत आहे, पण त्यामुळे वाचकाला खुणा ओळखणं हाच गुन्हा वाटेल, आणि तसं नाही. सामना चालू असताना समोरच्याच्या खुणा नुसत्या डोळ्यांनी पाहून ओळखल्या तर नियम मोडत नाही. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘ताडणे’. बंदी आहे ती आधीच माणसं पाठवण्याला आणि खुणांचं चित्रीकरण करण्याला. तिथे ‘हेरणे’ लिहावं. आज आपण संधी हेरतो, जागा हेरतो आणि त्या क्रियापदात ‘हेर’ बसलाय हे विसरून जातो. इथे तो हेर खरोखरच तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता. म्हणून ‘खुणाचोरी’ऐवजी मी ‘खुणांची हेरगिरी’ सुचवीन, आणि मैदानावर जे चालतं त्याला ‘खुणा ताडणं’.