बॅनॉकबर्नच्या लढाईत संख्येने कमी असूनही स्कॉटिश सैन्य कसे जिंकले?

माझ्या मते मुख्य कारण जागा. स्कॉटलंडमधला स्टर्लिंगचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि इंग्रज फौजेने येऊन २४ जून १३१४ पर्यंत तो सोडवला नाही तर तो स्कॉट लोकांच्या हवाली करायचा, असा करार झाला होता. त्यामुळे इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड घाईघाईने मोठी फौज घेऊन उत्तरेला आला, आणि किल्ल्याजवळच बॅनॉकबर्नला लढाई झाली.

२३ जूनला हेन्री द बोहून नावाचा इंग्रज सरदार भाला रोखून थेट स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या अंगावर धावून गेला. ब्रूस लहानशा घोड्यावर होता. त्याने ऐनवेळी घोडा बाजूला घेतला आणि कुऱ्हाडीच्या एकाच घावात बोहूनचे डोके फोडले. असा जीव धोक्यात घातला म्हणून ब्रूसचे सरदार त्याच्यावर रागावले, आणि ते बरोबरच होते!

इंग्रजांनी रात्र काढली ती ओढ्या-नाल्यांच्या दलदलीत. सकाळी ब्रूसची लांब भाल्यांची दाट पथके जागेवर थांबली नाहीत, चाल करून पुढे आली. घोडेस्वारांना दौड घ्यायला मोकळी जागाच उरली नाही. धनुर्धारी मागे अडकले, आणि जे बाजूला आले त्यांना ब्रूसच्या घोडदळाने उधळून लावले, असे जुन्या वृत्तांतात आहे. माघार घेताना कित्येक जण ओढ्यात चेंगरून मेले.

एडवर्ड डनबारला पळाला आणि तिथून बोटीने निसटला. पकडलेल्या हेरफर्डच्या अर्लच्या (एका बड्या इंग्रज सरदाराच्या) बदल्यात ब्रूसने इंग्रजांच्या कैदेतली आपली पत्नी आणि मुलगी सोडवून घेतली. स्कॉटलंडचे स्वातंत्र्य इंग्लंडने मान्य केले ते मात्र १३२८ मध्ये.