कोकण किनाऱ्याने निवांत गाडी चालवत जुन्या वस्तू घ्यायच्या आहेत, बेत कसा आखू?

अलिबाग ते सावंतवाडी असा आठवडा धरून तुम्ही ‘अँटिकच्या दुकानांची यादी’ मागितली आहे. तशी यादी करून फार काही हाती लागणार नाही. इथल्या पाडलेल्या घरांतला बराचसा चांगला माल मुंबईला चोरबाजारात नाहीतर जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरवाल्यांकडे जातो.

इथे शोधायचं ते तालुक्याच्या गावातल्या भांड्यांच्या दुकानात. लोक जुनं तांबं-पितळ मोडीत देतात आणि स्टील घेऊन घरी जातात. आत शिरलात की विचारा, “मोडीत काही बघण्यासारखं आलंय का?” घंगाळ, बंब, लामणदिवा, ठोक्याची कळशी, काहीही निघू शकतं, आणि तेही वजनावर. मोडीच्या भावावर थोडे जास्त द्या, घासाघीस फार करू नका. खिशात लोहचुंबक असू द्या. चिकटला तर आत लोखंड आहे. समई सुटी करून आटे बघा, कधीकधी दोन मोडक्या समयांची एक केलेली असते.

लाकडाचं प्रकरण वेगळं. पेटारा, झोपाळा, कोरीव दार हे घर पाडताना निघतं, आणि त्याची बातमी चहाच्या टपरीवर किंवा गावच्या सुताराकडे मिळते. वस्तूखाली ताजा, पिठासारखा भुसा दिसला तर आत लाकूड पोखरणारा किडा आहे, ती सोडून द्या. आणि दाम ठरवण्याआधी एक विचाराच: “बाकीच्या हिश्शेदारांना माहीत आहे ना?” सामाईक घरातला पेटारा एका भावाने विकायचा आणि दुसऱ्याने मुंबईहून फोन करून तुम्हाला ऐकवायचं, हे अगदी होण्यासारखं आहे.

देवळातलं किंवा देवघरातलं काही कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. १९७२च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावशेषांत मोडतात. त्यांच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, मूर्तींची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

रस्ता सागरी मार्गाचाच घ्या. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, चारही ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढते. शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. दिवाळीनंतर निघा, पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो. दापोली आणि मालवणला दोन-दोन मुक्काम करा, बाकी ठिकाणी एकेक पुरे.

सावंतवाडीत चितारआळी आणि राजवाडा बघा. तिथली लाकडी खेळणी आणि हाताने रंगवलेला गंजिफा (जुन्या खेळाचे गोल पत्ते) नवाच असतो, पण जुना म्हणून कोणी गळ्यात मारत नाही. दशावतारी गंजिफाचा पूर्ण संच १२० पानांचा, मोजून घ्या. अवजड खरेदी शक्यतो इथल्याच टप्प्यात करा, म्हणजे पेटारा घेऊन चार बोटी चढाव्या-उतराव्या लागणार नाहीत. परतीला महामार्गाने थेट मुंबई.