वाचकांचे प्रश्न : मल्डर आणि स्कलीचं नक्की कधी जुळलं?

प्रश्न : ताई, मी आणि माझी मोठी बहीण ऐरोलीला राहतो, रात्री जेवणं आटपली की 'द एक्स-फाइल्स'चा, म्हणजे एफबीआयच्या मल्डर-स्कली जोडीच्या त्या अमेरिकन मालिकेचा, एक भाग लावतो. आत्ता पहिला सीझन चालू आहे. माझ्या बहिणीचं म्हणणं त्या दोघांचं पहिल्याच भागात जुळलंय, मला मात्र ते नुसते वाद घालताना दिसतात. किस थेट सातव्या सीझनला आहे हे तिने सांगूनपण टाकलंय, मग तिला एवढ्या लवकर काय दिसतं?

उत्तर : अगं, मी तुझ्या ताईच्या बाजूने. पहिला भाग आला सप्टेंबर १९९३ मध्ये आणि तो सातव्या सीझनचा किस, गोष्टीत नवीन वर्षाच्या रात्रीचा, आला नोव्हेंबर १९९९ ला, म्हणजे सहा वर्षं लोक थांबले, ते काय उगाच थांबले का?

पहिल्या भागातला तो मोटेलचा सीन परत लाव. लाइट गेलेत, स्कलीला स्वतःच्या पाठीवर खाली, कमरेपाशी काहीतरी उठलेलं दिसतं आणि ज्या केसवर ते आलेत त्यातल्या मेलेल्या पोरांच्या अंगावरपण तशाच खुणा होत्या, त्यामुळे ही डॉक्टर बाई, सगळ्याला पुरावा मागणारी, घाबरून गाउनमध्येच मल्डरच्या दारात जाते. तो मेणबत्ती खाली धरून बघतो आणि सांगतो, डास चावलेत. ती एकदम त्याला बिलगते. आता इथे नीट बघ, तो फायदा घेत नाही, चिडवत नाही, त्याला फक्त कळतं की ती थरथरतेय. मग ती बेडवर आडवी, हा खाली जमिनीवर बसलेला, आणि तो तिला बहिणीचं सांगतो, हा बारा वर्षांचा असताना आठ वर्षांची बहीण घरातून नाहीशी झाली ते. वरच्यांनी तिला त्याच्या कामावर रिपोर्ट लिहायला पाठवलंय हे त्याला पक्कं माहीत असतं, तरी सांगतो. माझ्या मते सुरुवात इथेच आहे. आमच्याकडे नौपाड्यात लहानपणी लाइट गेले की गॅलरीत बसून मोठी माणसं एरवी कधी न बोललेलं बोलायची, मला तो सीन बघताना दर वेळी तेच आठवतं.

वादांचं म्हणशील तर ते वाद कसे आहेत ते बघ ना. तो काहीतरी अचाट बोलतो, ती खोडून काढते, पण ऐकून घेऊन. त्याच भागात कबरस्तानात धो धो पावसात तो आपली थिअरी मांडत असतो आणि मध्येच दोघं खदाखदा हसायला लागतात. ज्याच्याशी अजिबात पटत नाही त्याच्याबरोबर भिजत असं हसता येतं का?

मग बर्फातला भाग, 'आइस'. दोघांनी एकमेकांवर पिस्तूल रोखलेलं असतं, कुणाच्या अंगात किडा शिरलाय कळत नाही, आणि नंतर ती त्याची मान तपासते, तो तिची. तपासणीच आहे, पण हात किती हळू आहेत बघ.

आणि याच सीझनचा 'टूम्स' हा भाग. रात्री गाडीत पाळतीवर बसलेत. ती त्याला पहिल्या नावाने हाक मारायला जाते, तो हसून म्हणतो की आईवडलांनापण मी मल्डरच म्हणायला लावलंय. ती म्हणते, बरं, मल्डर, तुझ्याशिवाय कुणासाठी मी स्वतःला असं पणाला लावलं नसतं. तो यावर गडबडतो, पिशवीत आइस टी निघाला तर प्रेम समजू म्हणतो, आणि निघते रूट बिअर, म्हणजे तिकडचं एक कोल्ड्रिंक. मी हा तुकडा कितीदा पाहिलाय, ती उत्तर देते तेव्हा तिचा चेहरा बघ, बास.

'शिपर' शब्द आज पोरं सर्रास वापरतात ना, तो याच मालिकेच्या चाहत्यांनी रुळवलाय, दोघांची रिलेशनशिप व्हावी म्हणणारे ते शिपर. तुझी ताई त्यातलीच दिसतेय. आज रात्री 'टूम्स' लावा, आणि गाडीचा सीन आला की कुणी पाणी आणायला उठू नका.