छप्पनच्या साली गिट्टी फोडणारे

प्रश्न : आमचे मामंजी सांगतात, छप्पनच्या दुकाळात गावचे लोक सरकारी कामावर गिट्टी फोडायला जात. मुलीनं इंग्लंडच्या 'वर्कहाउस'विषयी, म्हणजे गरिबांना ठेवून काम करवून घेणाऱ्या घरांविषयी वाचलं. तसं काही आपल्याकडे होतं का?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, बारमाही चालणारं तसं घर आपल्या खेड्यांत नव्हतं. इंग्लंडात 1834 च्या कायद्यानंतर धडधाकट गरिबाला मदत हवी तर वर्कहाउसात राहायला जा, असं धोरण होतं. तिथं नवरा, बायको, लेकरं वेगवेगळी ठेवत. आतलं जिणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्याहून वाईटच असलं पाहिजे, म्हणजे खरा नडलेलाच येईल, असा हिशोब.

घर आलं नाही, पण नडलेला नसतानाही माणूस मदत मागेल, हा संशय इकडे आला. 1880 च्या दुष्काळ आयोगानं लोकांना जगवणं सरकारचं कर्तव्य मानलं. मात्र दुष्काळात मदतीचा हक्क दिला तर एरवीही मागतील, ही भीती त्याच अहवालात आहे. पुढे फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात मदत कशी द्यायची याची सरकारी नियमावली झाली. त्यात आधी 'टेस्ट वर्क' उघडत : काम जड, मजुरी जेमतेम पोटापुरती. तरीही माणसं आली, तर दुष्काळ खरा! निराधार, गाव सोडून भटकणाऱ्यांसाठी 'पुअर हाउस' असे, तेही दुष्काळापुरतं. वर्कहाउसाच्या जवळचं काही असेल तर तेच.

छप्पनचा म्हणजे विक्रम संवत 1956, आपलं 1899-1900. वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि तिथं त्या साली शिजवलेलं अन्न देणारी सरकारी किचनं गावोगावी निघाली. माझी आजी तेव्हा सहा-सात वर्षांची. तिची माय सडकेवर गिट्टी फोडे, आजी मालगुजाराच्या वाड्यासमोर ताट घेऊन बसे. जेवण तिथंच संपवायचं, घरी न्यायचं नाही. आजी मूठभर भात ओच्यात लपवून मायसाठी नेई. एकदा कोतवालानं पाहिलं आणि तोंड फिरवलं. सत्तर वर्षांनीही हे सांगताना तिचा हात ओच्याकडे जायचा. मला त्या कोतवालाचं नाव माहीत असायला हवं होतं, असं अजून वाटतं.

मजूर काम मागेल तर ते देणं सरकारवर बंधनकारक, हा रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. तोवर आजी राहिली नव्हती.

मामंजींना एवढं विचारा, गिट्टी कोणत्या सडकेवर पडली, आणि त्यांच्या घरून कोण कोण गेलं होतं. नावं आजच वहीत उतरवून ठेवा.