मुलांना घेऊन पहिल्यांदाच रानवाटेला निघताय? एवढं सांभाळा

फार छान ठरवलंत! आधी अंतराचा हट्ट सोडा. दोन-तीन किलोमीटरची सपाट पायवाट भरपूर झाली. नवखे हमखास इथेच चुकतात: मोठ्यांच्या चालीने वाट निवडतात आणि परतताना पोर कडेवर येतं.

- सकाळी लवकर निघा. उन्हं चढली की पाखरं गप्प होतात.
- पूर्ण पँट, मोजे, पायाला सवयीचे बूट. गवतातून आल्यावर गोचीड तपासा, गुडघ्यामागे तर नक्कीच.
- निम्मं पाणी संपायच्या आत मागे फिरा.

जास्तीत जास्त वेळ जंगल संपून कुरण सुरू होतं तिथे काढा. दोन्हीकडचे पक्षी, फुलपाखरं त्याच काठावर दिसतात. मुलांना फुलात निवांत डोकावू द्या. पाकळीच्याच रंगाचा कोळी दबा धरून बसलेला सापडेल. घाई करू नका, नावं तर मुळीच पाठ करून घेऊ नका. दुर्बिणीचं पुढे बघू.