पुण्याला निघण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये पुण्याचं कॉलेज मिळालं, फार आनंद झाला. लॅपटॉप आला, बॅगा भरून होतील. पण बारावी होईपर्यंत घरात तुला अभ्यासाशिवाय कशालाही हात लावू दिला नाही, याची मला काळजी वाटते. निघेपर्यंतचे हे आठवडे आईकडून मागून घे आणि घर तू चालव. किराणा, वीजबिल, कपडे, रात्रीचं जेवण, सगळं. चुकलास तर सावरायला माणसं आत्ता जवळ आहेत.

स्वयंपाकात वरण-भात, पोहे आणि एखादी भाजी आली की सुरुवातीला भागतं. कुकर लावण्याआधी शिट्टीचं भोक मोकळं आहे ना ते बघ, आणि वाफ जिरल्याशिवाय झाकणाला हात नको. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नकोस, बंदही करू नकोस. ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. रेग्युलेटर बंद कर, दारं-खिडक्या उघड, बाहेर येऊन 1906 ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन लाव. तुझ्या ताईला हे शाळेत असल्यापासून येतं आणि तुला येत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. भूक दोघांनाही सारखीच लागते.

आता खोलीचं. तुम्ही तिघं मित्र मिळून फ्लॅट घेणार, असं कानावर आलं. तुला अजून अठरा पूर्ण नाहीत, त्यामुळे करारावर तुझी सही कायद्यानं चालणार नाही. बाबांना करावी लागेल. पण वाचायचा तूच, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, त्यातून रंगाचे पैसे कापणार का, मध्येच खोली सोडली तर किती महिन्यांचं भाडं जाणार, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार? याची उत्तरं कागदावर हवीत, एजंटच्या तोंडी नकोत. ‘नोंदणी कशाला, उगाच खर्च’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात; ते खोटं ठरवायचं असेल तर पुरावा मालकानं द्यायचा. हे माहीत असलं की बोलताना आवाज कापत नाही. किल्ली हातात आली की सामान लावण्याआधी भिंती, नळ, गीझर, खिडक्यांच्या काचा यांचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेव.

पैशांचं एक पक्कं ध्यानात ठेव: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी ‘रिफंड देतो, पिन टाक’ म्हणालं की तो चोर. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात कुणी ‘डिजिटल अटक’ केली म्हणालं तर फोन ठेवून दे, अशी अटक कायद्यात नाहीच. आणि तरीही फसलास, तर बाबा रागावतील म्हणून गप्प बसू नकोस. तडक 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन कर. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येतात, म्हणून तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. शिक्षित, हुशार मुलं केवळ लाजेपायी रात्रभर थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आजारपणाचं थोडक्यात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल, म्हणजे तापाचंच औषध, असतंच, तेव्हा त्यावर तापाची वेगळी गोळी घेण्याआधी पाकिटावरची नावं वाच. जुलाब झाले आणि ओआरएस हाताशी नसलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अँटिबायोटिक मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

एजंटनं कराराचा मसुदा पाठवला असेल तर रविवारी घेऊन ये. बाबांनाही आण. तू मोठ्यानं वाच, आम्ही ऐकतो. जे कलम कळणार नाही तिथे पेन्सिलीनं खूण करू आणि सोमवारी तू स्वतः मालकांना फोन करून विचार.

तुझ्या बाई