निर्बंधांच्या यादीत नाव नाही, तरी पेमेंट का अडकलं?

प्रश्न : आमचा बेदाण्याचा छोटा एक्स्पोर्ट आहे, माल न्हावाशेव्यातून दुबईला जातो. यावेळचं पेमेंट अडकलंय, बँक म्हणते खरेदीदार अमेरिकेच्या निर्बंधांत बसतो. यादीत तर त्याच्या कंपनीचं नाव नाहीये. ही यादी करतं कोण, बदलते कधी?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : डॉलरमधलं पेमेंट बहुतेक वेळा अमेरिकेतल्या एखाद्या बँकेतून फिरून येतं, त्यामुळे माल दुबईत उतरला तरी अमेरिकेचा कायदा लागतो. आता हे निर्बंध येतात कुठून, तर बहुतेक राष्ट्राध्यक्षांच्या आदेशातून. १९७७ च्या कायद्याप्रमाणे ते परदेशातल्या धोक्यावरून आणीबाणी जाहीर करतात आणि मग मालमत्ता गोठवता येते. ही आणीबाणी दर वर्षी वाढवावी लागते, नाही वाढवली की संपली. इराणबाबतची आणीबाणी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १४ नोव्हेंबर १९७९ ला जाहीर केली, तेहरानच्या अमेरिकी वकिलातीतली माणसं ओलीस धरल्यावर, आणि ती दर वर्षी वाढवत वाढवत अजून चालूच आहे.

यादीत नावं टाकायचं काम अमेरिकेच्या अर्थखात्याचं, त्यांच्या ओफॅक नावाच्या ऑफिसचं. माणसाची टोपणनावं, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, जहाज असेल तर त्याचा आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख नंबर), सगळं त्या यादीत असतं. यादी बदलायला ठरलेला वार नाही, कधीही नवी नावं येतात, म्हणून ऑर्डर घेताना एकदा बघितलं न् सोडून दिलं असं करू नका, माल निघताना परत बघा.

तुमचं घोडं बहुतेक इथे अडलंय : यादीतल्या एकाची किंवा अनेकांची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असेल तर ती कंपनीही गोठलेलीच धरतात, नाव छापलेलं नसलं तरी. म्हणून खरेदीदाराचे मालक कोण हे कागदावर मागा.

नावं निघतातही. रशियाची अॅल्युमिनियम कंपनी रुसाल एप्रिल २०१८ मध्ये यादीत गेली, जगभर अॅल्युमिनियमचे भाव भडकले, मग यादीतच असलेले रशियन उद्योगपती डेरिपास्का यांनी रुसालच्या मूळ कंपनीतला आपला हिस्सा ५० टक्क्यांच्या खाली आणला आणि जानेवारी २०१९ मध्ये नाव निघालं. सीरियावरचा तर अख्खा निर्बंध-कार्यक्रमच ३० जून २०२५ च्या आदेशाने बंद झाला.

मला खरं वाईट वाटतं ते छोट्या व्यापाऱ्यांचं. इराणच्या बाबतीतसुद्धा अन्नधान्य आणि औषधांना ओफॅकची सवलत आहे, पण बँका दंडाला इतक्या घाबरतात की रीतसर व्यवहारही अडवून ठेवतात आणि शेतकऱ्याचे पैसे लटकतात. हे चुकीचं आहे, आपल्या एक्स्पोर्टर संघटनांनी यावर बोललंच पाहिजे.

तुम्ही आधी बँकेकडून लेखी घ्या की पैसे गोठवलेत, परत पाठवलेत की नुसते तपासणीसाठी थांबवलेत. तपासणी असेल तर मालकीचे कागद आणि बेदाण्याचं शिपिंग बिल दिल्यावर सुटू शकतात. गोठवले असतील तर ओफॅककडे लायसन्ससाठी, म्हणजे पैसे सोडायच्या परवानगीसाठी, अर्ज लागतो, त्याला वेळ जातो आणि तिथे जाणकार वकील घ्याच.